कोठडीचं दार मंडपात उघडतं

धाराशिव शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, बालाघाटच्या रांगेतल्या एका घळीत लेणी कोरलेली आहेत. जेम्स बर्जेसनं १८७८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांची तपशीलवार नोंद केली. ती मुळात बौद्ध की जैन, यावर अभ्यासकांचा वाद आजही मिटलेला नाही. पाचव्या-सहाव्या शतकात भिक्षूंसाठी खोदलेली ही लेणी पुढे जैनांकडे आली, हे मत बऱ्याच जणांना पटतं. आपल्याला इथे तो वाद सोडवायचा नाही. आपल्याला पाहायच्या आहेत त्या लेण्यांतल्या कोठड्या.

दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात शिरल्यावर अंधाराची सवय होईपर्यंत जरा थांबावं, आणि मूर्तीकडे जाण्याआधी भिंतींकडे पाहावं. मधे साधारण ८० फूट लांब-रुंद मंडप, भोवती खांब, आणि भिंतींमध्ये ओळीनं कोरलेल्या लहान लहान खोल्या. एका माणसाला पथारी टाकता येईल, मांडी घालून बसता येईल, एवढीच जागा. त्या खोलीला दार एकच, आणि ते मंडपात उघडतं. जिथे सगळे जमतात, ऐकतात, बोलतात, त्या सामाईक जागेत. आतल्या माणसाला बाहेर पडायचं तर इतरांच्या समोरूनच जावं लागतं.

एकांत म्हटला की आपल्यापुढे माणसांपासून शेकडो कोस दूर गेलेला तपस्वी येतो. ज्यांनी पिढ्यानपिढ्या एकांत हाच आपला व्यवसाय मानला, त्यांनी मात्र खोलीचं दार माणसांकडे ठेवलं. या जिल्ह्यात एकांताची जेवढी ठिकाणं आणि जेवढ्या कथा आहेत, त्या सगळ्यांमध्ये हे दार कुठे ना कुठे सापडतं.

वर्षावासाची गोष्ट घ्या. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहायचं, हा नियम मुळात लोकांच्या तक्रारीतून आला, असं विनयपिटकात सांगितलं आहे. पावसात फिरणारे भिक्षू हिरवं गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात, असं लोक म्हणू लागले, आणि बुद्धांनी फिरणं थांबवायला सांगितलं. तीन महिने अभ्यास, ध्यान, मौन. आणि शेवटी? शेवटच्या दिवशी प्रवारणा नावाचा विधी असतो. प्रत्येक भिक्षू संघापुढे बसून विनंती करतो की माझ्या वागण्यात तुम्हाला काही दोष दिसला असेल, कानावर आला असेल किंवा नुसती शंका आली असेल, तर कृपा करून सांगा. ज्येष्ठसुद्धा हे मागतात. एवढा काळ स्वतःच्या आत पाहिल्यावर जे दिसलं नसेल, ते शेजारच्या कोठडीतल्या माणसाला दिसलेलं असू शकतं, याची ही कबुली आहे. मला एकांताच्या साऱ्या परंपरेतला हा सर्वांत धाडसी भाग वाटतो. तीन महिने डोळे मिटून बसणं त्यामानानं सोपं.

धाराशिवची ही लेणी माणसांपासून फार लांबही नव्हती. तेरणेच्या काठचं तेर म्हणजे प्राचीन तगर, पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नाव असलेली बाजारपेठ. इथून गाड्या भरभरून कापड भडोच बंदराकडे जायचं. तेरच्या उत्खननात रोमन व्यापाराच्या खुणा मिळाल्या, आणि आजचं त्रिविक्रमाचं देऊळ मुळात विटांनी बांधलेलं चैत्यगृह होतं असं मानतात. म्हणजे इथे ध्यानाची जागा आणि गजबजलेली पेठ एकाच गावात होती. भिक्षूला रोज भिक्षेसाठी दारोदार जावं लागे, त्यामुळे तसं असण्यावाचून गत्यंतरही नव्हतं.

तेराव्या शतकात याच तेरमध्ये गोरोबाकाका राहत होते. इ. स. १३१७ मध्ये त्यांनी इथेच समाधी घेतली. संतमंडळींत ते वयानं वडील, म्हणून सगळे त्यांना काका म्हणत. त्यांच्याबद्दलच्या दोन कथा महाराष्ट्राला पाठ आहेत. आपण त्या वेगवेगळ्या ऐकतो. मला मात्र त्या जोडून वाचाव्याशा वाटतात, कारण एकीत एकांत फसतो आणि दुसरीत तो पारखला जातो.

पहिली कथा भयंकर आहे. गोरोबांची पत्नी संती पाण्याला जाताना रांगत्या लेकराकडे लक्ष ठेवायला सांगून गेली. गोरोबा अंगणात माती तुडवत होते. पायांची लय, तोंडी नाम, मन पंढरपुरात. लेकरू रांगत चिखलात आलं आणि बापाच्या पायांखाली गेलं. बापाला कळलं नाही. कीर्तनकार ही कथा भक्तीची पराकाष्ठा म्हणून सांगतात, आणि पुढे विठ्ठल ते मूल परत देतो. पण कथा रचणाऱ्यानं संतीला गप्प बसवलेलं नाही. ती आक्रोश करते, नवऱ्याला जाब विचारते, घर दुभंगतं. माणसांत राहून माणसांना विसरणारी तल्लीनता केवढ्याला पडते, हे या परंपरेनं स्वतःच्या लाडक्या संताच्या अंगणात मांडून ठेवलं आहे. ध्यान-चिंतनाची आजची चकचकीत पुस्तकं वाचताना मला नेहमी पाण्याला गेलेली संती आठवते. बसणारा बसतो, तेव्हा पाणी कोण आणतं आणि लेकरू कोण सांभाळतं, हे त्या पुस्तकांत सहसा नसतं.

दुसरी कथा परीक्षेची. संतमेळा गोरोबांच्या घरी जमला होता. ज्ञानदेव होते, मुक्ताबाई होती, नामदेव होते. कोपऱ्यातल्या लाकडी थापटण्याकडे बोट दाखवून मुक्ताबाईनं विचारलं, काका, हे काय? गोरोबा म्हणाले, यानं मडकं पक्कं की कच्चं ते कळतं. मुक्ताबाई म्हणाली, मग आम्हीही मडकीच, आम्हालाही पाहा की. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे शांत बसले. नामदेव मात्र चिडले. गोरोबांनी निवाडा दिला की हे मडकं अजून कच्चं आहे.

कुंभाराच्या कामाकडे जवळून पाहिलं की या निवाड्यातली नेमकेपणाची धार कळते. चाकावरून उतरवलेलं मडकं जरा सुकलं की आतून गोळा धरून बाहेरून थापटण्यानं ठोकून त्याची भिंत पातळ आणि घट्ट करतात. मग सावलीत वाळवतात. उन्हात घाई केली तर तडा जातो. मग आव्यात रचतात. तिथे एकेक मडकं वेगळं भाजत नाहीत, शेकडो मडकी एकमेकांना चिकटून, गवत-गोवऱ्या-राखेखाली एकत्र भाजतात. आवा विझल्यावर लगेच उघडत नाहीत. आणि शेवटी विकत घेणारी बाई बोटाच्या पेरानं टिचकी मारते. खणखणीत आवाज आला तर पक्कं, बद्द आला तर आत कुठेतरी कच्चं किंवा तडकलेलं. बाहेरून दोन्ही सारखीच तांबडी दिसतात. मडक्याला आपला आवाज आपण काढता येत नाही.

नामदेवांचं वैशिष्ट्य काय होतं? विठ्ठलाशी त्यांचं खाजगी, एकट्याचं नातं. देव त्यांच्या हातून जेवतो, त्यांच्याशी बोलतो. एवढा जवळचा एकांत इतर कुणाला लाभला नव्हता, आणि तरी ते कच्चे ठरले. कथा पुढे सांगते की ते रागानं पंढरपूरला गेले, देवाकडे गाऱ्हाणं केलं, आणि देवानंही गोरोबांचीच बाजू घेतली. मग ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावले, तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे देव नसेल तिथे माझे पाय ठेव. या प्रसंगानंतरचे नामदेव वेगळे आहेत. त्यांची वाट पंढरपूरच्या गाभाऱ्यातून बाहेर पडून थेट पंजाबात जाते. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला त्यांचं स्थान आहे आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. दुखावला गेलेला माणूस आपला कच्चेपणा मान्य करून पुन्हा शिकायला निघतो, ही या कथेतली खरी वाढ. ती डोक्यावर थापटणं बसल्याशिवाय सुरू झाली नाही.

तेरपासून जिल्ह्याच्या पश्चिमेला भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचं निर्वाणस्थान म्हणून जैनांना पूज्य असलेली ही टेकडी. १९५५ च्या पावसाळ्यात इथे आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना, म्हणजे उपवास करत देह ठेवण्याचं व्रत, घेतली. १८७२ सालचा जन्म, बेळगाव जिल्ह्यातलं भोज हे गाव, घर शेतकरी पाटलांचं. तरुणपणीच त्यांना घर सोडायचं होतं, पण आईवडिलांनी नको म्हटलं, आणि ते असेपर्यंत हा मुलगा थांबला. घरी कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं स्वतःच कापड मोजून घ्यावं आणि पैसे ठेवावेत, अशी त्यांची रीत असल्याचं चरित्रकार सांगतात. चाळिशीनंतर त्यांनी दीक्षा घेतली आणि १९२० मध्ये ते मुनी झाले. दिगंबर मुनींची जवळजवळ लुप्त झालेली परंपरा विसाव्या शतकात त्यांनी पुन्हा उभी केली.

गुहांत बसणारा, दीर्घ उपवास करणारा हा माणूस जगापासून तुटलेला होता का? मुळीच नाही. त्यांनी चालत चालत उत्तर भारतापर्यंत विहार केला. ‘धवला’सारख्या प्राचीन ग्रंथांची ताडपत्रं कसर खाऊन नष्ट होतील म्हणून ते ग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घ्यायची प्रेरणा दिली. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतो आणि तो श्रावकाच्या घरीच मिळतो. म्हणजे कितीही मोठा तपस्वी असला तरी रोज एका गृहस्थापुढे ओंजळ पसरावीच लागते.

सल्लेखनेचं कारणही सरळ होतं. दृष्टी अधू झाली होती. वाटेवरचा जीव दिसत नसेल तर चालताना अहिंसा पाळता येत नाही, आणि ती पाळता येत नसेल तर मुनिधर्म उरत नाही. १४ ऑगस्टला सुरुवात झाली. १८ सप्टेंबरला, छत्तिसाव्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. मधे ८ सप्टेंबरला, उपवासाच्या सव्विसाव्या दिवशी, त्यांनी मराठीत शेवटचा उपदेश केला. तो ध्वनिमुद्रित झाला आहे.

या उपदेशातली एक गोष्ट मला थक्क करते. आयुष्य आत्मचिंतनात घालवलेला हा म्हातारा माणूस समोरच्या संसारी लोकांना काय सांगतो? दिवसाला सहा घटका जमल्या तर उत्तम, चार मध्यम, दोन तरी. घटका म्हणजे २४ मिनिटं. मग तो आणखी खाली उतरतो. दहा-पंधरा मिनिटं. आणि तेही होत नसेल तर निदान पाच मिनिटं स्वतःचा विचार करा. ज्याला पाण्याचा घोटही जड झालेला, तो समोरच्याची अडचण ओळखून मागणी एवढी कमी करतो. संसारी माणसाला किती झेपेल याचा इतका बारीक अंदाज माणसांत राहिल्याशिवाय येत नाही.

पाच मिनिटं फारच थोडी मागितली, असं वाटेल. २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांचे व्हर्जिनिया विद्यापीठातले प्रयोग प्रसिद्ध झाले. लोकांना ६ ते १५ मिनिटं एका रिकाम्या खोलीत नुसतं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही, फक्त स्वतःचे विचार. बऱ्याच जणांना ते नकोसं झालं. एका प्रयोगात समोर एक बटण ठेवलं, दाबलं की विजेचा सौम्य झटका बसेल असं. हा झटका टाळण्यासाठी पैसे मोजू, असं आधी सांगणाऱ्यांपैकीच १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ बायकांतल्या ६ जणींनी त्या १५ मिनिटांत स्वतः होऊन बटण दाबलं. हा प्रयोग लहान आहे आणि त्यावरून साऱ्या मानवजातीबद्दल बोलू नये. पण कुंथलगिरीच्या त्या पाच मिनिटांचं वजन त्यामुळे समजतं. ती मागणी सोपी नव्हती, शक्य तेवढी होती.

मग या थोड्या वेळात होतं तरी काय? रॉचेस्टर विद्यापीठातल्या न्विन, रायन आणि डेसी या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की पंधरा मिनिटं एकटं बसल्यावर मनातली खळबळ उतरते. रागाची उतरते तशी उत्साहाचीही उतरते. माणूस आनंदी होतोच असं नाही, तो निवतो. आणि स्वतःच्या मर्जीनं बसलेल्यांना त्याचा जास्त लाभ होतो. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण एकांतातून ज्ञान आपोआप पाझरतं ही समजूत त्यानं दूर होते. एकांत फक्त गढूळपणा खाली बसू देतो. त्यानंतर काय दिसतं आणि दिसलेल्याचं काय करायचं, हे पुढचं काम.

आणि हे सगळ्यांनाच जमत नाही, त्याचं कारण ब्रिटिश बालमानसतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ साली एका निबंधात मांडलं. एकटं राहण्याची क्षमता मुलात येते ती आईच्या सोबतीत. आई जवळ आहे, पण ढवळाढवळ करत नाही, आणि मूल आपल्याच नादात खेळत बसलं आहे. असे तास ज्याला मिळाले, त्याला पुढे रिकाम्या खोलीची भीती वाटत नाही, कारण कुणीतरी आहे ही खात्री तो आत घेऊन बसलेला असतो. लेण्यातली कोठडी नेमकी हेच करते. बाहेर मंडपात कुणीतरी आहे.

म्हणूनच ज्याची माणसंच गेली, त्याला एकांताचे धडे देणं क्रूरपणा ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३.५६ वाजता किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. लातूरबरोबर या जिल्ह्याचा उमरगा भाग, सास्तूरसारखी गावं ढिगाऱ्याखाली गेली. सुमारे १०,००० माणसं दगावली. जाड दगडमातीच्या भिंतींनी घात केला, म्हणून नवी गावं मोकळ्या माळावर, रुंद रस्त्यांनी चौकोन आखून, घराघरांत अंतर ठेवून वसवली गेली. जिवाच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच होतं. पण जुन्या गावात वाड्याचं दार बोळात उघडायचं, समोरच्या ओट्यावर कुणीतरी बसलेलं असायचं. नव्या घराचं दार रुंद, रिकाम्या रस्त्यावर उघडू लागलं. एकाच रात्री घर रिकामं झालेल्या माणसाला तिथे भरपूर शांतता मिळाली, आणि तीच खायला उठली. त्याला हवा होता तो ओटा. अशा वेळी आधी माणसं जोडून द्यावी लागतात. एकांताची गोष्ट त्यानंतर, कदाचित वर्षांनंतर.

या जिल्ह्यानं विश्रांतीचं जे एक वेळापत्रक सांभाळलं आहे, ते तुळजापुरात आहे. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवरून हलवता येते. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. शारदीय नवरात्राआधी भाद्रपदात घोर निद्रा, महिषासुराशी युद्धाच्या आधीची. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, युद्धानंतरची. आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. या दिवसांत सिंहासन रिकामं असतं. लाखो लोक जिच्याकडे काहीतरी मागायला येतात, तिलाही ठरावीक दिवशी सगळ्यांपासून बाजूला व्हायचा हक्क आहे, हे भाविकांनी इतक्या सहज मान्य केलं आहे की त्यात कुणाला नवल वाटत नाही. मोठ्या कामाआधी आणि मोठ्या कामानंतर झोप. किती दिवस, ते ठरलेलं. उठणार कधी, तेही ठरलेलं. देवी निजलेली असताना मंदिर थांबत नाही. पुजारी, मानकरी, सेवेकरी, प्रत्येक जण आपापलं काम करतच असतो.

हाच हक्क त्याच देवीची ओटी भरणाऱ्या बाईला घरात मिळतो का? मराठवाड्यातल्या साध्या शेतकरी घरात दोन खोल्या, एक ओसरी. पुरुषाला पार आहे, शेतातली खोप आहे, चावडी आहे. मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असेल तर घर त्याच्यासाठी पैसे जमवून लातूरला नाही तर पुण्याला अभ्यासिकेतली खुर्ची घेऊन देतं. बाईला जी काही एकटी वेळ मिळते ती पहाटे चुलीपुढे किंवा रानात खुरपताना, आणि दोन्ही वेळा हात गुंतलेले. ओव्यांचा केवढा मोठा साठा जात्यावर जन्मला, याचं एक कारण हेच असणार. जातं फिरत असतानाच तिला स्वतःशी बोलायला मिळे, कारण तेवढा वेळ तिला कुणी हाक मारत नसे. आता पीठ गिरणीतून येतं. श्रम वाचले हे फार चांगलं झालं, पण ती पहाटही गेली आणि तिच्या जागी दुसरी जागा कुणी ठरवून दिली नाही.

म्हणून पाच मिनिटांचा हिशेब घरातच बसून मांडावा लागतो. सकाळी तुम्ही डोळे मिटून बसता तेव्हा दूध कोण तापवतं, दारावर आलेल्याशी कोण बोलतं, रडणारं पोर कोण उचलतं, त्याचं नाव घ्यावं. भिक्षूला भिक्षा वाढणारं घर माहीत होतं, मुनीला ओंजळ भरणारा श्रावक समोर दिसत होता. आपल्याला मात्र आपल्या शांततेची किंमत कोण देतं ते दिसेनासं होतं. सकाळची वेळ तुम्ही घेतली असेल तर संध्याकाळची घरातल्या बाईला द्या, आणि त्या वेळात तिला हाक मारू नका, काडेपेटी कुठे आहे हे विचारायलासुद्धा नाही. महिन्याभरानं तिलाच विचारा, माझ्यात काही फरक पडला का? ती जे सांगेल ते ऐकून राग आला, तर काम अजून बाकी आहे.